कॅराव्हॅनमधला गॅस: गळती थांबवण्याआधी गळलेल्या गॅसला बाहेर जायची वाट द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन ती एका फॅब्रिकेटरकडून कॅराव्हॅन, म्हणजे चाकावरचं घर, करून घेतली. मागे ओटा, ओट्याखालच्या कपाटात घरचंच १४.२ किलोचं सिलिंडर, तिथून रबरी नळीने दोन बर्नरची शेगडी, आणि त्याच नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून बाथरूममध्ये छोटा गॅस गीझर. पहिल्याच मुक्कामाला, महाबळेश्वरला, सकाळी उठल्यावर गॅसचा वास आला. फॅब्रिकेटरने क्लिप आवळून दिली आणि म्हणाला, ‘घरात चालतं ते गाडीत का नाही चालणार?’ आता दिवाळीत कोकण आणि जूनमध्ये हिमाचलमधल्या स्पितीचा बेत आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील. गळती होऊ नये म्हणून काय काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी दोन गोष्टी करा. ते सिलिंडर आजच गाडीतून खाली उतरवा आणि गीझर काढून टाका. बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

गॅसच्या लाइनी टाकणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम. सुरुवात हॉटेलं आणि कॅन्टीनपासून झाली. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्या सुमारापासून अशा गाड्याही तपासायला येऊ लागल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं सुतारकाम देखणं असतं, वायरिंग बरं असतं, आणि गॅसचं काम मात्र घरातला ओटा उचलून गाडीत ठेवल्यासारखं असतं. फॅब्रिकेटरच्या त्या एका वाक्यात सगळी अडचण आली. घर हलत नाही. गाडी खड्ड्यांतून जाते, घाटात वळते, तासन्‌तास थरथरते. कोणताही जोड या थरथरीत कधी ना कधी सैल पडणार, हे गृहीत धरूनच काम करावं लागतं. म्हणून मी आधी विचारतो की गॅस सुटलाच तर तो कुठे जाईल. गळती कशी टाळायची हा प्रश्न त्यानंतरचा.

एलपीजीची वाफ हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते आणि सर्वांत खोलगट जागी साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते, आणि ९-९.५ टक्क्यांपर्यंत ते मिश्रण पेट घेऊ शकतं. आता तुमच्या गाडीचा हिशोब करू. आतली फरशी अंदाजे ४.३ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरा. फरशीलगतचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण ११०० लिटर हवा. त्यात २ टक्के गॅस म्हणजे २२ लिटर वाफ. एक लिटर द्रव गॅसपासून सुमारे २५० लिटर वाफ होते, त्यामुळे या २२ लिटरसाठी ९० मिलिलिटरच्या आसपास द्रव पुरतं. वजनात पाहिलं तर जेमतेम ५० ग्रॅम. विझलेला एक मध्यम बर्नर अर्ध्या तासाच्या आतबाहेर एवढा गॅस सोडतो. सिलिंडरमध्ये १४ किलो आहे. घरात दाराखाली फट असते, गॅलरी असते, खोली मोठी असते. तुमच्या गाडीत खाली प्लाय, त्यावर विनाइल, कडेला सिलिकॉन. पाणी आत येऊ नये म्हणून सगळं बंद केलेलं. त्या रात्री आई-वडील खालच्या बर्थवर झोपले असतील, तर ते नेमके त्या थराला लागूनच होते.

म्हणून पहिलं काम सिलिंडरच्या पेटीचं. ओट्याखालचं कपाट या कामाचं नाही. सिलिंडरला स्वतंत्र, पत्र्याची, सगळीकडून बंद पेटी हवी आणि तिचं दार फक्त बाहेरून उघडणारं हवं. गाडीच्या आतल्या बाजूला तिचा एकही सांधा, एकही फट उघडी असता कामा नये. पेटीच्या तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक पाडायचं. कॅराव्हॅनमधल्या गॅससाठी युरोपात ईएन १९४९ हे मानक वापरतात. त्यात तळाच्या झरोक्याचं उघडं क्षेत्रफळ पेटीच्या तळाच्या किमान २ टक्के आणि कोणत्याही परिस्थितीत १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी नसावं, असं आहे. म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटर. त्यावर जाळी लावणार असाल तर भोक आणखी मोठं पाडा, कारण जाळीच्या तारा बरीच जागा खातात. झरोका सायलेन्सरच्या जवळ किंवा डिझेल टाकीच्या वर येऊ देऊ नका. बॅटरी, इन्व्हर्टर, फ्यूज बॉक्स, पाण्याच्या पंपाचा रिले यांतलं काहीही या पेटीत नको. जागा वाचवायला बॅटरी आणि सिलिंडर एकाच कप्प्यात बसवलेल्या गाड्या मी पाहिल्यात, आणि हे काम करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पेटी झाली की एक सोपी परीक्षा घ्या. सिलिंडर बाहेर काढून पेटीत तांब्याभर पाणी ओता. सगळं पाणी रस्त्यावर पडलं पाहिजे. आतल्या प्लायवर, कार्पेटखाली, चाकाच्या कमानीमागे एक थेंबही यायला नको. जिथून पाणी आत शिरतं तिथून गॅसही शिरतो. ही परीक्षा दर पावसाळ्यानंतर पुन्हा घ्या, कारण आपल्याकडे तळाचे झरोके चिखलाने बुजतात, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. वरून जाळी ठीक दिसते, मागे भोक पूर्ण बंद झालेलं असतं. एक टॉर्च आणि एक काडी घेऊन खाली वाकायचं, एवढंच काम आहे.

पेटीत सिलिंडर उभंच राहिलं पाहिजे. आडवं झालं की वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये जातं आणि बर्नरवर हातभर ज्वाळ येते. बुडाला कडं आणि अंगाला दोन ठिकाणी पट्टा लावा. भरलेलं १४.२ किलोचं सिलिंडर टाकीसकट ३० किलोच्या आसपास भरतं. जोरात ब्रेक लागला की ते पुढे यायला बघतं.

मुळात तुम्हाला एवढं मोठं सिलिंडर हवं कशाला? चार माणसांचा चहा, नाश्ता आणि एक वेळचं जेवण यासाठी ५ किलोचं कितीतरी दिवस पुरतं. घरगुती जोडणीचं सिलिंडर नोंदवलेल्या घरात वापरायला दिलेलं असतं. ते गाडीत बसवून फिरलात आणि काही घडलं, तर विम्याच्या दाव्यापाशी अडचण येईल. बाजारात ५ किलोचं विनाजोडणी सिलिंडर मिळतं. इंडेनचं ‘छोटू’ त्यातलंच. ओळखपत्र दाखवून ते एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर मिळतं आणि दुसऱ्या गावी भरलेलं बदलून घेता येतं. कंपोझिट, म्हणजे फायबरचं, सिलिंडर मिळालं तर अधिक चांगलं: हलकं असतं, गंजत नाही, आणि उजेडात धरलं की आतली पातळी दिसते. लोखंडी घेतलंत तर वरच्या पट्टीवरचं अक्षर वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती त्या सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत असते. मुदत उलटलेलं सिलिंडर घेऊ नका.

बाजारात वरच बर्नर बसवलेली दोन-तीन किलोची रंगीत सिलिंडरं मिळतात, ती मात्र कधीही घेऊ नका. ती गल्लीतल्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून नळी लावून भरतात. किती भरलं याचा हिशोब नसतो. द्रवाला उन्हात फुगायला जागा लागते, म्हणून अधिकृत सिलिंडर पूर्ण कधीच भरत नाहीत. इथे तोंडापर्यंत भरलेलं असू शकतं. व्हॉल्व्ह साधा असतो आणि ज्वाळ थेट टाकीच्या डोक्यावर जळते. पिकनिकला निघालेल्या गाडीत ते मागच्या सीटखाली लोळत असतं, वर चादरी, शेजारी मुलं. हे पाहिलं की मी अनोळखी माणसालाही थांबवून सांगतो.

आता तुमच्या वासाकडे येऊ. मी गाडी पाहिलेली नाही, पण शोध नेहमी सिलिंडरच्या तोंडापासून सुरू करावा. टोपी काढून व्हॉल्व्हच्या आत पाहा. काळी रबरी रिंग दिसेल, तिला ओ-रिंग म्हणतात. काही जण वायसर म्हणतात. ती चिरलेली, कडक झालेली किंवा गायबच असेल तर रेग्युलेटर कितीही नीट बसवा, गॅस येणारच. सिलिंडर घेतानाच डिलिव्हरीवाल्याला व्हॉल्व्हमध्ये थोडं पाणी टाकून दाखवायला सांगा. बुडबुडे आले तर ते परत द्या. रेग्युलेटर लावल्यावर त्याच्याभोवती साबणाचं पाणी लावा. भांडी घासायच्या सौम्य साबणाचं पाणी चालतं, नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजूनही आहेत. तसं कुणालाही करू देऊ नका.

मग नळी. आयएसआय चिन्ह असलेली, आत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळीच वापरा. घरी ती पाच वर्षांनी बदलतात. गाडीत मी दोन वर्षांत बदलतो. हा माझा स्वतःचा नियम आहे, पण उन्हात तापून आणि घासून नळीची काय अवस्था होते हे पाहिल्यावरच तो केला. नळी नोझलवर शेवटपर्यंत चढली पाहिजे. फॅब्रिकेटरने क्लिप आवळली, त्याने मला धास्ती वाटते. फार आवळलेली क्लिप रबराला चिरते आणि गळती आठवडाभर लपते. नळीला टी जोडणं तर साफ चूक. रबरी नळी एकाच उपकरणाला, आणि तीही दीड मीटरच्या आत. गाडी उभी असते तेव्हा उंदरांचाही विचार करा. ते ही नळी कुरतडतात. तारेची जाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दात वरच्या थरात शिरलेले असतात आणि तडा पुढच्या प्रवासात जातो.

पेटीपासून शेगडीपर्यंत तांब्याची किंवा स्टीलची पक्की लाइन टाका आणि रबरी नळी फक्त दोन टोकांना ठेवा. तांब्याची नळी दर अर्ध्या मीटरला क्लॅम्पने धरलेली हवी. मोकळी लोंबली तर ती थरथरून कडक होते आणि फ्लेअरच्या, म्हणजे नळीचं टोक पसरवून केलेल्या जोडाच्या, मानेशी तडकते. जिथे ती पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, हवंच. पत्र्याची कड महिन्याभरात तांब्यात खाच पाडते. फ्लेअर नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली दिसली तर समजा काम करणाऱ्याला जोड कळलेला नाही. तिथे धातू धातूवर बसून गॅस अडवतो, टेपने तो नीट बसत नाही. आणि प्रत्येक उपकरणाला स्वतःचा बंद करायचा व्हॉल्व्ह द्या. गळती शोधताना त्याचा फार उपयोग होतो.

साबणाचं पाणी फक्त दिसणारे जोड तपासतं. ओट्यामागे, फरशीखाली गेलेली लाइन घट्ट आहे की नाही हे दाबाची चाचणीच सांगते, आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन मीटर घ्या. फळीवर ती यू आकारात, दोन्ही बाजू साठ-सत्तर सेंटिमीटर उंच राहतील अशी बांधा. निम्म्यापर्यंत पाणी भरा, त्यात थोडी शाई टाका. एक तोंड हवेत उघडं, दुसरं लाइनच्या टेस्ट पॉइंटला, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या तोंडाला. हे काम गॅसचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडून करून घ्या, गाडीची सगळी दारं उघडी ठेवून, जवळपास विस्तव नसताना. पण तुम्ही तिथे उभे राहा आणि डोळ्यांनी पाहा.

रेग्युलेटर सुरू केला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं, आणि दोन पातळ्यांत साधारण ३० सेंटिमीटर फरक पडतो. घरगुती रेग्युलेटरचा दाब तेवढाच असतो. आता रेग्युलेटर बंद करा, शेगडीचा नॉब क्षणभर उघडून फरक १०-१२ सेंटिमीटरवर आणा आणि काही मिनिटं थांबा. पातळी आपोआप वाढू लागली तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर बंद असूनही गॅस सोडतोय. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. तो गाळला की पुढची चाचणी फसवी ठरते, कारण लाइनमधून गळणारा गॅस मागून भरून निघत राहतो आणि पाणी जागचं हलत नाही. हे ठीक असेल तर पुन्हा ३० सेंटिमीटरपर्यंत दाब घ्या, रेग्युलेटर बंद करा, पाच मिनिटं लाइनला स्थिर होऊ द्या, पेनने दोन्ही पातळ्यांवर खूण करा आणि पुढची दहा मिनिटं बघत राहा. फरक कमी व्हायला नको. हे सावलीत करा. लाइनवर ऊन आलं तर आतला गॅस फुगून पातळी फसवते. फरक कमी झाला तर शेगडीचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा तेच. आता टिकला तर दोष शेगडीत, नाही टिकला तर लाइनमध्ये. मोठ्या प्रवासाआधी आणि स्पितीसारख्या रस्त्यावरून परत आल्यावर ही चाचणी करा.

आता शेगडी. आपल्याकडच्या साध्या शेगड्यांत ज्वाळ विझली तरी गॅस चालू राहतो. सरकतं दार उघडं, बाहेर समुद्राचा वारा, मंद आचेवर दूध ठेवलेलं, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून आपण बाहेर. बर्नर विझतो, गॅस वाहत राहतो. लाइन कितीही पक्की असो, अशा वेळी तिचा काही उपयोग नाही. म्हणून गाडीसाठी फ्लेम फेल्युअर असलेली शेगडीच घ्या. तिच्या बर्नरशेजारी एक बारीक दांडी असते. ती तापली की किंचित वीज तयार होते आणि त्या विजेवर आतला चुंबक व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्वाळ गेली की दांडी थंड होते, चुंबक सुटतो, स्प्रिंग गॅस बंद करते, साधारण मिनिटभराच्या आत. पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो तो याचसाठी. दुकानदार म्हणेल की नॉब दाबून धरायची कटकट आहे. ती कटकट घ्या.

कोकणात तर मी म्हणेन शक्यतो आत स्वयंपाक करूच नका. घडीचं टेबल बाहेर लावा, वाऱ्याला आडोसा करा. शेगडी बाहेर असली की निम्मी काळजी संपते. लिथियम बॅटरी मोठी असेल, म्हणजे १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची, तर चहा-नाश्त्याला छोटं इंडक्शन पुरतं. १५०० वॅटवर अर्धा तास म्हणजे पाऊण युनिट, आणि अशा बॅटरीत अडीच युनिटं असतात.

गीझरचं मी सुरुवातीलाच सांगितलं, कारण त्याचा धोका वेगळा आहे. तो आतली हवा वापरतो आणि जळलेला वायू आतच सोडतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. घरांच्या बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तुमच्या गाडीचं बाथरूम तर कपाटाएवढं आहे. गरम पाणी हवंच असेल तर बाहेरून हवा घेणारा आणि बाहेरच धूर सोडणारा, गाडीसाठीच बनवलेला बंद ज्वलनकक्षाचा हीटर घ्या, नाहीतर बाहेर पातेल्यात पाणी तापवा.

स्पितीत हा धोका वाढतो, आणि तो नीट समजून घ्या. तिथलं काझा गाव साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवा विरळ, बर्नरला ऑक्सिजन कमी, ज्वाळ पिवळी होऊ लागते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते. रात्री थंडी, म्हणून माणसं खिडक्या गच्च लावतात आणि शेगडी थोडा वेळ ऊब यावी म्हणून चालू ठेवतात. कार्बन मोनॉक्साइडने डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. उंचीच्या त्रासातही नेमकं हेच होतं. त्यामुळे वडील म्हणाले डोकं दुखतंय, तर सगळे म्हणतील उंचीमुळे असेल, गोळी घ्या, झोपा. तसं करू नका. गाडीत एकाहून जास्त जणांना एकाच वेळी त्रास होत असेल, किंवा बाहेर आल्यावर डोकं हलकं वाटत असेल, तर गाडीतल्या हवेवर संशय घ्या. सगळ्यांना बाहेर काढा, शेगडी बंद करा, दारं उघडा आणि दवाखाना गाठा. ऊब आणायला शेगडी, कोळशाची शेगडी किंवा घमेलं यांतलं काहीही आत पेटवायचं नाही. वर आणि खाली एकेक कायमचा झरोका ठेवा, थंडी लागते म्हणून तो चिंध्यांनी बुजवू नका.

थंडीत सिलिंडरच मंदावतं, हेही होईल. आपल्या गॅसमध्ये ब्युटेनचा वाटा मोठा असतो आणि ब्युटेन शून्याच्या जवळ वाफ व्हायचं थांबतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होतं. सकाळी ज्वाळ बारीक झाली तर ऊन येईपर्यंत थांबा. सिलिंडर आत घेऊन झोपणं किंवा त्याला आच देणं, दोन्ही जिवावर बेतू शकतं.

अलार्म दोन हवेत आणि दोन वेगळ्या उंचीवर. एलपीजीचा फरशीपासून वीतभर वर, कार्बन मोनॉक्साइडचा झोपलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीच्या आसपास. एकच घेऊन छताला लावलेला असेल तर एलपीजीसाठी तो निरुपयोगी आहे. एलपीजीचा अलार्म डासांच्या स्प्रेने किंवा परफ्यूमनेही वाजतो. म्हणून तो बंद करून ठेवू नका, स्प्रे बाहेर मारा. सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं, ती तारीख पाहून बदला. आई-वडिलांसाठी अलार्म जास्तच गरजेचा, कारण वयाबरोबर वास कमी येतो, आणि सर्दीत कुणालाच येत नाही. सिलिंडर संपत आलं की वास अधिक तीव्र येतो, कारण गंधासाठी मिसळलेलं द्रव्य तळाशी जास्त उरतं. पण ‘संपत आलं असेल’ म्हणून वास सोडून द्यायचा नाही.

गाडी सुरू होण्याआधी रेग्युलेटर बंद करून काढायचा आणि सिलिंडरवर प्लास्टिकची टोपी बसवायची. फक्त शेगडीचा नॉब बंद करणं पुरत नाही. परदेशात भाड्याने मोटरहोम घेणारे मला सांगतात की तिथे गॅस सुरू ठेवूनच गाडी चालते. त्या गाड्यांत अपघाताचा धक्का बसताच गॅस तोडणारा रेग्युलेटर असतो, आणि जर्मनीसारख्या देशात दर दोन वर्षांनी गॅसची तपासणी होते. आपला फ्रिज गॅसवर नाही, बॅटरीवर चालतो, त्यामुळे चालत्या गाडीत गॅस उघडा ठेवायचं काही कारणच नाही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने जाणार असाल तर धक्क्यावर सिलिंडर असल्याचं आधी सांगा आणि त्यांचं म्हणणं ऐका. गाडी रेल्वेने पाठवायची वेळ आली तर सिलिंडर त्यात मुळीच नको. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खासगी डब्यात नियम मोडून आणलेल्या सिलिंडरने आग लागली आणि ९ माणसं गेली. चहा करायचा होता, एवढंच कारण.

आणि वास आलाच तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला, आईलाही, गाडी उभी असताना एकदा करून दाखवा. ज्वाळ बंद. कुठल्याही बटणाला हात नाही, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. पंखा, चिमणी, मोबाइल, गाडीची किल्ली, काही नाही. तुमच्या गाडीत दार उघडलं की दिवा आपोआप लागतो का, ते आजच पाहा. लागत असेल तर ती जोडणी काढून टाका. सगळे बाहेर पडले की बाहेरून पेटी उघडून रेग्युलेटर बंद करायचा. मग वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला आणि उंचवट्याकडे लांब जायचं, कारण गॅस उताराने खाली वाहतो. म्हणूनच मुक्कामाला खड्ड्यात किंवा शेकोटीच्या वरच्या अंगाला गाडी लावू नका. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे; फोन लांब गेल्यावरच करायचा. अर्धा तास दारं उघडी राहू द्या, तोवर कुणी इंजिन चालू करू नये. रेग्युलेटरपाशीच ज्वाळ धरली असेल आणि हात पोचत असेल तर ओलं कापड टाकून गॅस बंद करा. गॅस बंद होत नसेल तर ती ज्वाळ विझवू नका, माणसं लांब न्या. अग्निशामक दाराजवळ ठेवा, शेगडीच्या मागे ठेवला तर वेळेला तिथे हात जाणार नाही.

गाडीत केलेले बदल आरटीओकडे नोंदवले आहेत का, हेही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत, आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं भारतीय वाहन मानक आहे. फॅब्रिकेटरला त्याबद्दल विचारा. पेटी, लाइन आणि दाबाची चाचणी झाली की पेटीच्या तळाचे, क्लॅम्पचे आणि पाण्याच्या दोन खुणांचे फोटो मला पाठवा, मी पाहून सांगतो. दिवाळीला वेळ आहे. या महिन्यात काम सुरू केलंत तर घाई न होता पूर्ण होईल.